शेवटची सोळा पानं

माझ्याबद्दल आजवर तीन स्मरणिकांत छापून आलं आहे. तिन्ही वेळा मजकूर मीच लिहून दिला होता, त्यामुळे ही गोष्ट त्यात नाही. घरी नाही, मित्रांत नाही, दोन-तीन वेळा पेला हातात होता तेव्हाही नाही — कुठेच मी ती बोललेलो नाही. आता बोलतो आहे त्यात धैर्य वगैरे शोधू नका. थकलो आहे, एवढंच. खोटं सांभाळायला रोज थोडी मेहनत लागते, आणि निवृत्त झाल्यापासून मला मेहनतीचा कंटाळा आला आहे.

स्मरणिकांत काय आहे ते आधी सांगतो. तांड्यावरचा पोरगा. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी रस्त्याच्या दिव्याखाली बसून स्वतःच्या जिद्दीवर. पुढे इंग्रजीचा प्राध्यापक. फोटोत शाल. आता, आमचा तांडा फुलसावंगीच्या पलीकडे. तेव्हा तिथे रस्ताच नव्हता, मग रस्त्याचा दिवा कुठून येणार? ज्यांनी तांडा पाहिला आहे त्यांनीसुद्धा हे कधी विचारलं नाही. सत्काराच्या कार्यक्रमात प्रश्न विचारायचे नसतात. दिवा लोकांना आवडतो. पहिल्यांदा तो कुण्या सूत्रसंचालकाने लावला, नंतर मी विझवला नाही.

खरं असं आहे की मी इंग्रजी भर दुपारी शिकलो, चांगल्या उजेडात, एका बायंडिंगच्या दुकानात.

तालुक्याच्या गावी मी कॉलेजला होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात एक इंग्रजी कपाट होतं. कापसाच्या जिनिंगवर कधीकाळी एक साहेब होता, तो जाताना आपली पुस्तकं सोडून गेला म्हणे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या जाड कादंबऱ्या. त्या कोणी वाचत नव्हतं, पण दरवर्षी जिल्ह्याहून तपासणीचे साहेब येत आणि वाचनालयाचा सरकारी वर्ग, अ की ब, त्यांच्या शेऱ्यावर ठरे. तेव्हा तपासणीच्या महिनाभर आधी इंग्रजी कपाटातली दहा-बारा पुस्तकं नव्या बांधणीसाठी जात. वाचनालयाचे अध्यक्ष वकील होते. 'आमचा इंग्रजी विभाग' असं म्हणताना ते कोटाचं बटण लावत. विभागातली पुस्तकं मात्र फक्त एका माणसाने उघडलेली होती — ज्याला ती शिवायची असत त्याने.

ते हबीबचाचा. मशिदीच्या गल्लीत त्यांचं बायंडिंगचं दुकान. उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. जुनं पुस्तक आलं की ते त्याची शिवण उसवत आणि जुज वेगळे करत. जुज म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, ज्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. घड्यांच्या पाठी फाटलेल्या असत, त्यांना कागदाची पट्टी आणि खळ लावून वाळत ठेवायचं, मग क्रमाने शिवायचं, मग शिकंज्यात दाबायचं. खळ वाळेपर्यंत हातात दुसरं काम नसे. त्या वेळात चाचांनी वाचायला सुरुवात केली. आधी अक्षरं लावून, मग एका जुन्या इंग्रजी-उर्दू शब्दकोशाच्या मदतीने, मग त्याच्याशिवाय. वीस वर्षांत अख्खं कपाट त्यांच्या हातून दोन-दोनदा गेलं होतं. हे कोणाला माहीत नव्हतं. बायंडिंगवाल्याला कोण विचारतं, काय वाचलं म्हणून?

मी तिथे कॉलेजची गाईड शिवून घ्यायला गेलो होतो. आमचं इंग्रजीचं शिक्षण सगळं गाईडवर चालायचं. सर वाक्य वाचत, 'म्हणजे' म्हणत आणि मराठी सांगत. तीन वर्षं मी 'म्हणजे'च्या नंतरचंच ऐकलं होतं. चाचांनी माझी गाईड उलटीपालटी करून पाहिली, नाकाला लावली — खरंच हुंगली — आणि म्हणाले, "याच्यात काहीच नाही बे. हे वाच." आणि वाळत घातलेल्यातला पहिला जुज माझ्या हातात दिला.

कादंबरी एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या मुलीची होती. नियम असा होता की एका वेळी एकच जुज, दुकानातच बसून वाचायचा, वाचून झालं की सांगायचं, मग पुढचा. मी शब्दांचे अर्थ विचारायला लागलो की ते चिडत. "डिक्शनरी बाजूले ठेव. आधी हे सांग, कोण कोणावर रुसलं?" मी चाचपडत सांगायचो. "मग? काय केलं तिनं?" — हे विचारताना त्यांच्या हातातली सुई थांबायची. ते सगळं त्यांना ठाऊक होतं, तरी थांबायची.

लोकर म्हणजे आमचा कापूस, हे मला तिसऱ्या जुजात कळलं. भाव पाडणारे तेच, तोलणारे तेच, आणि माल न विकता घरात पडून राहिला की दुपारच्या जेवणावरचं बोलणं तसंच तुटक. आणि मग सहाव्या की सातव्या जुजात तिथला पाद्री जेवणाच्या टेबलावर साधेपणावर भाषण करतो, आणि ते करता करता मांसाचा तिसरा तुकडा वाढून घेतो. मी हसलो. मोठ्याने. हसल्यावर मला कळलं की मधे मराठी आलीच नव्हती. गोरबोलीही नव्हती. इंग्रजी वाक्य सरळ पोटात गेलं होतं आणि तिथून हसू आलं होतं. चाचा मान वर न करता म्हणाले, "पोचला वाटते पाद्र्यापाशी."

पुढे मी तीस वर्षं इंग्रजी वाङ्मय शिकवलं. त्यावर भाषणं दिली. पण त्या वाक्यापाशी मी एकटा पोचलो नव्हतो, आणि हे मी कोणत्याही भाषणात म्हणालो नाही. एवढंच असतं तर कृतघ्नपणा म्हणून सोडून दिलं असतं. आपल्याकडे त्याला फारशी शिक्षा नाही. पण एवढंच नाही ना.

त्या वर्षी यवतमाळला आंतरमहाविद्यालयीन इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, मला आवडलेलं पुस्तक. स्पर्धा शनिवारी, आणि शुक्रवारी माझ्या वाटेला शेवटचा जुज यायचा होता. चाचा म्हणाले, आज इथेच वाचून घे, उद्या सगळी पुस्तकं वाचनालयात द्यायची आहेत, सोमवारी तपासणी. मग ते जुम्म्याच्या नमाजाला गेले. दुकान माझ्या भरवशावर सोडून. त्यांनी कुलूप घातलं नाही, यात विशेष काही नव्हतं, ते रोजच तसं करत.

मी शेवटचा जुज वाचला. शेवटच्या पानावर ती मुलगी रिकाम्या गोदामात उभी आहे आणि वडिलांना मनात जे बोलते — तो परिच्छेद मी दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचला. पाठ करायचा होता. लिहून घेता आला असता. समोर कागद होते, दुकानच कागदाचं होतं. मी तो जुज शर्टाच्या आत घातला आणि एसटी स्टँडवर गेलो.

पहिला नंबर आला. लोहाऱ्याला माझा मावसभाऊ कारखान्यात होता, त्याच्या खोलीवर रविवार काढला. त्याने आजूबाजूच्या चार लोकांना बोलावून मला तो परिच्छेद म्हणायला लावला. कोणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळे खूश झाले. त्याच दिवशी परत निघता आलं असतं की नाही? आलं असतं. दुपारी दोन गाड्या होत्या.

इकडे शनिवारी संध्याकाळी वाचनालयाचा शिपाई पुस्तकं न्यायला येणार होता. सकाळी शिवायला बसताना चाचांनी जुज मोजले, एक कमी. मी नाही. त्यांनी काय केलं असेल? त्यांनी तेवढ्याच जाडीचा, तशाच जुन्या पिवळट कागदाचा कोरा जुज शेवटी शिवला, म्हणजे पाठ नीट बसावी, आणि पुस्तक देऊन टाकलं. तपासणी झाली की परत आणून बदलू, असा त्यांचा हिशेब. इंग्रजी पुस्तक कोणी उघडणार नाही याची त्यांना वीस वर्षांची खात्री होती. त्यांचं चुकलं असेल तर एवढंच.

सोमवारी मी गाडीतून उतरलो तो थेट वाचनालयात गेलो. स्टँडवरच प्राचार्यांचा निरोप मिळाला होता — तपासणीच्या साहेबांसमोर तुझा सत्कार ठेवला आहे. पिशवीत बक्षिसाची ढाल, आणि ढालीखाली जुज. दुकान वाटेतच होतं. मी थांबलो नाही, उशीर होत होता.

वाचनालयात खुर्च्या, हार, साहेब. चाचाही होते. दरवर्षी तपासणीला त्यांना बोलवत, मागे भिंतीशी उभं राहायला, बांधणीबद्दल काही विचारलं तर. मला पाहून त्यांचा चेहरा मोकळा झाला. आला, आता सगळं ठीक, असा. अध्यक्षांनी बटण लावलं आणि म्हणाले, "आमच्या गावच्या या चिरंजीवांनी ज्या उताऱ्यावर पारितोषिक मिळवलं तो उतारा साहेबांच्या कानावर घालावा." मी घातला. अख्खा परिच्छेद. चांगला म्हटला. म्हणता म्हणता माझी नजर भिंतीकडे गेली तर चाचांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग ते थांबले. त्यांना कळलं, की इतकं अक्षरन्अक्षर मी शुक्रवारी दुकानात एका बैठकीत पाठ केलेलं नाही. जुज कुठे आहे ते त्यांना त्या क्षणी नक्की कळलं.

साहेबांनी विचारलं, कुठल्या पुस्तकातलं? मी नाव सांगितलं. अध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले — "हे तर आमच्या विभागात आहे!" — आणि शिपायाला पाठवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा ते कपाट कोणीतरी वाचण्यासाठी उघडलं. पुस्तक आलं. नवी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. साहेबांनी शेवटचं पान काढलं. मग त्याच्या आधीचं. मग त्याच्या आधीचं.

सोळा कोरी पानं.

आधी हसू फुटलं. शिपाईच म्हणाला, "काहून जी चाचा, वही शिवली काय?" अध्यक्षांना हसू आलं नाही. साहेबांसमोर त्यांचा विभाग कोरा निघाला होता. छापील पानं रद्दीत गेली का, पुड्यांना गेली का, आणि अशी किती पुस्तकं आतून कोरी आहेत, हे त्यांनी उलटतपासणी घेतात तसं विचारलं. भरल्या सभेत, उभ्या माणसाला. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळले. वाईट माणूस नव्हता, सहजच विचारलं त्याने — "मग तुम्ही हा शेवट कुठे वाचलात?"

पिशवी माझ्या पायाशी होती.

मी म्हणालो, "यवतमाळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत."

कोणी मला धमकावलेलं नव्हतं. गळ्यात हार होता. इतक्या सहज आवाजात मी आयुष्यात दुसरं काही बोललो असेन असं वाटत नाही. चाचा माझ्याकडे बघत नव्हते. ते अध्यक्षांना म्हणाले, "मह्याच हातून राह्यलं, साहेब. चूक झाली." बस. पोराचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता का, हा वेगळा प्रश्न. पण त्यांनी घेतलं नाही.

इथपर्यंतचं मी मनातल्या मनात अनेकदा सांगितलं आहे. वय लहान, प्रसंग अवघड. इथे थांबलं तर ऐकणारा खांद्यावर हात ठेवतो. म्हणून मी नेहमी इथेच थांबायचो. पुढचं आता लिहितो.

दोन दिवसांनी चाचा होस्टेलवर आले. मी बाहेरच्या ओट्यावर दाढी करत होतो. ते उभे राहिले, इकडेतिकडे कोणी नाही ना पाहिलं, आणि हळू बोलले, "बाबू, तो जुज आहे ना तुह्यापाशी? दे मले. आजच शिवतो. सांगतो का शिकंज्याखाली सापडला. तुह्यं नाव कुठंच येत नाही."

सगळं सुटत होतं, बघा. त्यांचं काम वाचत होतं, माझं नाव वाचत होतं. जुज माझ्या पेटीत होता, दहा पावलांवर. त्यांच्या आवाजात राग असता तर मी दिला असता असं कधी कधी वाटतं. पण ही पळवाट आहे, हे लिहिता लिहिताच कळतं आहे. राग नव्हता. तोंडाला साबण तसाच ठेवून मी म्हणालो, "कोणता जुज, चाचा?"

 त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं. साक्षीदार नव्हता, साहेब नव्हता, अध्यक्ष नव्हते. फक्त तो एक माणूस, ज्याला खोटं सांगून काहीच मिळणार नव्हतं. तरी मी सांगितलं. का? कारणं शोधली आहेत. चार-पाच सापडली. प्रत्येक कारण जरा पुसलं की सबबीसारखं दिसतं, म्हणून एकही लिहीत नाही.

"बरं," असं म्हणून ते गेले. त्याच सकाळी मी पेटी उघडली आणि तो जुज होस्टेलच्या आंघोळीच्या बंबात घातला. जुना कागद लगेच पेटतो. त्याच पाण्याने मी आंघोळ केली.

वाचनालयाचं काम बंद झालं. अध्यक्ष कोर्टातही बोलले असतील, कारण तिथली रजिस्टरं बांधायला जात तीही थांबली. चाचा शाळांचे हजेरीपट शिवत राहिले, लग्नपत्रिका कापत राहिले. पोट भरलं त्यांचं. पण इंग्रजी कपाटातलं पुस्तक पुन्हा त्यांच्या हातात गेलं नाही. वाचनालयाची पायरी ते परत चढले नाहीत. तिथल्या त्या अख्ख्या कपाटाला एकच वाचक होता, आणि तो मी काढून टाकला. नंतर पुस्तकं बिनवाचकाची नियमित बांधली गेली, दुसऱ्या गावच्या माणसाकडून. दोन वर्षांनी वर्गही वाढला.

गावाने त्यांना नाव ठेवलं, 'कोरेचाचा'. पोरं सायकलवरून जाताना ओरडत. एकदा मी चौकात मित्रांबरोबर उभा असताना कोणीतरी तसं ओरडलं, आणि सगळे हसले. मी हसलो का? हसलो. न हसणं लक्षात आलं असतं.

ते वारल्याचं मला कळलं तेव्हा मी विभागप्रमुख होतो. गेलो नाही.

मागच्या वर्षी त्याच वाचनालयाच्या वर्धापन दिनाला प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावलं. आताचे अध्यक्ष जुन्या अध्यक्षांचे चिरंजीव आहेत. बटण लावायची पद्धत तीच आहे. भाषण लांबलं, श्रोते मोबाइल काढायला लागले, आणि मला हशा हवा होता. हे इतकं सोपं आहे. मला हशा हवा होता, म्हणून मी कोऱ्या पानांचा किस्सा सांगितला. साहेबांचा चेहरा करून दाखवला. एकेक पान उलटून दाखवलं. बायंडरचं नाव घेतलं नाही, 'आपल्या गावचे एक थोर कलावंत' असं म्हणालो. म्हाताऱ्यांनी खालून 'कोरेचाचा' अशी पुरवणी केली. छान हशा झाला.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबून होत्या. पन्नाशीच्या असतील. उर्दू शाळेत शिकवतात, मुलांना घेऊन आल्या होत्या.

"सर, मी नसरीन. हबीब बायंडरची मुलगी."

मी नमस्कार केला.

"अब्बा तुमचं नाव फार काढायचे. म्हणत, मह्या दुकानात बसून एक पोरगा प्रोफेसर झाला. पेपरात तुमचा फोटो आला का कापून ठेवत." मग म्हणाल्या, "एक विचारू का सर? लहानपणी मले वाटे का कोरे हे आमचं आडनावच आहे. लोक काहून म्हणतात, ते अब्बांनी कधी सांगितलं नाही. आज तुमच्याकडून समजलं. पण खरंच चुकले होते का ते? घरी तर दोरासुद्धा मोजून कापत होते."

तिथे कोणी ऐकत नव्हतं. अध्यक्ष फोटोवाल्याशी बोलत होते. बाईंच्या डोळ्यांत संशय नव्हता, वडिलांच्या बाजूने थोडी जागा राखून ठेवलेली होती, इतकंच. चाळीसेक वर्षं ती तिने राखली होती.

मी म्हणालो, "हो. घाईत होतात अशा चुका. माणूस मात्र चांगला होता."

"हो ना," ती म्हणाली. मान हलवली. मुलांची रांग लावली आणि गेली.

ती अजून त्याच गावात, त्याच गल्लीत राहते. घर मला माहीत आहे. हे मी तिला लिहिलेलं नाही. तुम्हाला लिहिलं आहे.